चेंडूतली हवा आणि फुटलेली बातमी

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये जानेवारी २०१५ मध्ये उद्भवलेले आणि जुलै २०१६ पर्यंत न्यायालयांत रेंगाळलेले ‘डिफ्लेटगेट’ हे प्रकरण वरवर पाहता एका क्षुल्लक गोष्टीचे होते. अकरा चेंडूंमधील हवा नियमापेक्षा कमी भरली, ती कोणी मुद्दाम काढली होती का, एवढाच त्यातला मूळ प्रश्न. तरीही या प्रश्नापायी २४३ पानांचा चौकशी अहवाल तयार झाला, एका संघाला दहा लाख डॉलरचा दंड झाला, त्या काळातील सर्वांत नामांकित खेळाडूला चार सामने बाहेर बसावे लागले, दोन संघीय न्यायालयांनी परस्परविरोधी निकाल दिले आणि वायूचा दाब व तापमान यांच्यातील शाळेत शिकून विसरलेले नाते असंख्य प्रौढांनी पुन्हा मांडून पाहिले. एवढ्या मोठ्या परिणामाचे कारण निव्वळ हवेत शोधून सापडत नाही. ते त्या हवेविषयी फुटलेल्या एका आकड्यात, तो आकडा चुकीचा असल्याचे हाती असलेल्या नोंदींवरून दिसत असूनही गप्प राहिलेल्या संस्थेत आणि ती पोकळी आपापल्या निष्ठेने भरून काढणाऱ्या चाहत्यांत आहे, अशी प्रस्तुत पुस्तकाची मांडणी आहे.

विषयात शिरण्यापूर्वी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर किंवा गोव्याच्या मैदानांवर खेळला जाणारा फुटबॉल आणि अमेरिकेत त्याच नावाने ओळखला जाणारा खेळ यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. अमेरिकी फुटबॉलमधला चेंडू लंबगोल असतो, तो मुख्यतः हाताने फेकला किंवा काखोटीला मारून पळवला जातो, आणि आक्रमणाची सूत्रे हलवून तो फेकणाऱ्या खेळाडूला ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. या खेळाची सर्वोच्च व्यावसायिक संघटना म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. तिच्यात ३२ संघ असून संघांचे मालक मिळून ‘कमिशनर’ हा प्रमुख निवडतात, आणि खेळाडूंच्या संघटनेबरोबर झालेल्या सामूहिक करारानुसार शिस्तभंगाची शिक्षा देण्याचे व त्या शिक्षेवरचे अपील ऐकण्याचेही अधिकार त्याच्याकडे असतात. ‘डिफ्लेट’ म्हणजे हवा काढणे. त्यापुढचे ‘गेट’ हे १९७२ च्या वॉटरगेट प्रकरणापासून अमेरिकी वृत्तपत्रांना जडलेल्या सवयीचे शेपूट आहे. हे शेपूट लागले की घोटाळा सिद्ध होण्याआधीच त्याचे बारसे झालेले असते.

या खेळात चेंडूतल्या हवेला महत्त्व येते ते एका खास नियमामुळे. २००६ पासून प्रत्येक संघ आक्रमण करताना स्वतः आणलेले, स्वतःच्या क्वार्टरबॅकच्या आवडीनुसार घासून मऊ केलेले चेंडू वापरतो. पंच ते सामन्याआधी सव्वादोन तास तपासतात, आणि त्यांतील दाब दर चौरस इंचाला १२.५ ते १३.५ पौंडांच्या दरम्यान असावा लागतो. थोडा नरम चेंडू, विशेषतः थंडीत आणि पावसात, बोटांच्या पकडीत नीट बसतो असे मानले जाते. न्यू इंग्लंड पॅट्रियट्स या संघाचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याला १२.५ हा खालचा काठ पसंत होता, तर प्रतिस्पर्धी इंडियानापोलिस कोल्ट्सचे चेंडू सुमारे १३ पौंडांवर भरलेले असत. नियमाच्या मर्यादेत राहून आवड जपण्याची ही मुभा असल्यामुळे, थंडीने दाब थोडा उतरला तरी काठावरचा चेंडू मर्यादेखाली जाणार आणि मधला मर्यादेतच राहण्याचा संभव अधिक, ही गोष्ट पुढील सर्व वादाच्या मुळाशी आहे.

१८ जानेवारी २०१५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉक्सबरो येथील जिलेट स्टेडियमवर या दोन संघांत उपान्त्य फेरीच्या तोडीचा सामना झाला. पॅट्रियट्सच्या चेंडूंविषयीची शंका कोल्ट्सच्या व्यवस्थापनाने आदल्या दिवशीच लीगला कळवलेली होती. दुसऱ्या सत्रात ब्रेडीने फेकलेला एक चेंडू कोल्ट्सच्या खेळाडूने अडवून ताब्यात घेतला, त्याचा दाब कमी भरल्याचा बोभाटा झाला आणि मध्यंतरात पंचांच्या खोलीत दोन पंचांनी दोन वेगळ्या दाबमापकांनी, म्हणजे गेजांनी, पॅट्रियट्सचे अकरा चेंडू मोजले. त्यानंतर कोल्ट्सचे चेंडू हाती घेतले गेले, पण चार मोजून होईपर्यंत मध्यंतर संपत आले, म्हणून उरलेले तसेच राहिले. पॅट्रियट्सचे चेंडू पुन्हा भरले गेले, आणि पहिल्या अर्धात १७–७ अशी आघाडी घेणाऱ्या त्या संघाने भरलेल्या चेंडूंनी आणखी २८ गुण मिळवून सामना ४५–७ असा जिंकला. नरम चेंडूंमुळे हा विजय मिळाला असे म्हणणे गुणफलक पाहता अवघड होते. म्हणूनच पुढची सगळी चर्चा निकालाची न राहता चारित्र्याची झाली.

येथून बातमीचा प्रवास सुरू होतो. इंग्रजीत ज्याला ‘लीक’ म्हणतात त्यासाठी मराठीत ‘बातमी फुटणे’ असा प्रयोग रूढ आहे. परीक्षेचा पेपरही असाच ‘फुटतो’. हे क्रियापद अकर्मक असल्यामुळे उतरंडीवरचे मडके फुटावे तशी बातमी आपसूक फुटली असा भास होतो. प्रत्यक्षात बातमी कोणीतरी फोडतो, आणि ती कोणत्या पत्रकाराच्या हाती, किती आणि कोणत्या दिवशी द्यायची याची निवड त्याच्याकडे असते. नाव न छापण्याच्या अटीवर बोलणारा सूत्र चुकला तर त्याला किंमत मोजावी लागत नाही, पत्रकाराला सूत्राचे नाव सांगता येत नाही, आणि ज्याच्याविषयी बातमी आहे त्याला उलटतपासणी करायला समोर माणूसच नसतो. या तिहेरी अडचणीमुळे फुटलेल्या बातमीची शहानिशा करू शकेल असा एकच घटक उरतो, तो म्हणजे मूळ नोंदी ज्याच्या कपाटात आहेत ती संस्था. प्रस्तुत प्रकरणात ती संस्था म्हणजे लीग होती.

लीग चेंडूंची चौकशी करत असल्याची पहिली बातमी सामन्याच्याच रात्री, १९ जानेवारी उजाडता उजाडता, इंडियानापोलिसमधील पत्रकार बॉब क्रॅविट्झ यांनी दिली, आणि ती खरी होती. निर्णायक ठरली ती दुसरी. २० जानेवारीच्या रात्री ईएसपीएन या क्रीडावाहिनीचे ज्येष्ठ वार्ताहर ख्रिस मॉर्टेन्सन यांनी सूत्रांच्या हवाल्याने सांगितले की, पॅट्रियट्सच्या बारापैकी अकरा चेंडूंमध्ये मर्यादेपेक्षा तब्बल दोन पौंड हवा कमी होती. दोन पौंड हा आकडा थंडीने समजावून सांगता येत नाही. तो खरा असेल तर कोणीतरी सुई खुपसली, असाच निष्कर्ष निघतो. पंचांच्या प्रत्यक्ष नोंदी मे महिन्यात प्रसिद्ध झाल्या तेव्हा मात्र चित्र वेगळे निघाले. अकरा चेंडू आणि दोन गेज मिळून बावीस नोंदी होत्या. सर्वच नोंदी १२.५ च्या खाली होत्या हे खरे, परंतु त्यांपैकी दोन पौंडांची घट दाखवणारी नोंद एकच होती, १०.५० ची, आणि त्याच चेंडूला दुसऱ्या गेजने १०.९० दाखवले होते. एका गेजवरची सरासरी ११.११ होती, दुसऱ्यावरची ११.४९. कोल्ट्सच्या चार चेंडूंपैकी तीन चेंडूही एका गेजवर मर्यादेखाली गेलेले होते.

पेशवाईतल्या ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला याची आख्यायिका मराठी वाचकाला परिचित आहे. या आकड्याचे रूप कोणी पालटले, की कोणी न पालटताच ते ऐकण्यात पालटले, यावर हे पुस्तक तर्क लढवत नाही. लक्ष द्यायचे ते त्यानंतरच्या मौनाकडे. १९ जानेवारीला लीगच्या एका अधिकाऱ्याने पॅट्रियट्सला पाठवलेल्या अधिकृत पत्रात एका चेंडूचा दाब १०.१ पौंड असल्याचे लिहिले होते, जो आकडा बावीस नोंदींत कुठेच नाही. संघाच्या वकिलांनी चुकीची बातमी जाहीरपणे खोडून काढण्याची विनंती वारंवार केली. लीगने ती मानली नाही. चौकशी चालू असताना भाष्य न करण्याचे धोरण म्हणून त्याचे समर्थन करता येईल, पण परिणामाच्या दृष्टीने पाहता, खरे आकडे जवळ असलेल्या संस्थेचे मौन हे चुकीच्या आकड्याला मिळालेले मूक अनुमोदनच ठरले. २० जानेवारी ते ६ मे या साडेतीन महिन्यांत प्रत्येक चर्चेचा आरंभबिंदू दोन पौंड हाच राहिला, आणि दरम्यान १ फेब्रुवारीला पॅट्रियट्सनी सिअ‍ॅटल सीहॉक्सला २८–२४ असे हरवून सुपर बोल ही अजिंक्यपदाची लढत जिंकली ती याच सावटाखाली.

आकड्यांचा अर्थ लागण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान आवश्यक आहे. गेज दाखवतो तो वातावरणाच्या दाबाच्या वरचा दाब. वायूचा नियम मात्र एकूण दाबाला लागू होतो. म्हणून १२.५ मध्ये वातावरणाचे १४.७ मिळवले की एकूण २७.२ पौंड होतात. चेंडू सुमारे ७१ अंश फॅरनहाइटच्या खोलीत भरले गेले आणि सुमारे ४८ अंशांच्या थंडीत मैदानावर राहिले. निरपेक्ष तापमानात ही घट साधारण सव्वाचार टक्क्यांची आहे, तेवढ्याच प्रमाणात एकूण दाब उतरून तो २६ च्या आसपास येतो, आणि त्यातून १४.७ वजा केले की गेजवर उरतात सुमारे ११.३ पौंड. म्हणजे कोणीही हात न लावता चेंडूतून सव्वा पौंडाच्या आसपास दाब ‘नाहीसा’ होतो. चौकशीसाठी नेमलेल्या ‘एक्सपोनन्ट’ या तांत्रिक सल्लागार कंपनीनेही अपेक्षित दाब ११.३२ ते ११.५२ असाच काढला होता. आता सामन्याआधी पंचप्रमुख वॉल्ट अँडरसन यांनी दोहोंपैकी कोणता गेज वापरला यावर सगळे अडले. दोन्ही गेजांच्या वाचनात ०.३ ते ०.४ पौंडांचा फरक होता. अँडरसन यांना स्वतःला आठवत होता तो गेज धरला तर ११.४९ ही सरासरी अपेक्षित पट्ट्यात अचूक बसते, आणि दुसरा धरला तर ११.११ ही त्याच्या खाली जाते. अहवालाने दुसरा धरला.

हा अहवाल वकील टेड वेल्स यांचा असून तो ६ मे २०१५ रोजी प्रसिद्ध झाला. पॅट्रियट्सच्या दोन कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी चेंडूंतील हवा मुद्दाम काढली असणे ‘नसण्यापेक्षा अधिक संभवनीय’ आहे, आणि ब्रेडीला त्याची ‘निदान सर्वसाधारण कल्पना’ असणेही तितकेच संभवनीय आहे, असे त्याचे म्हणणे होते. फौजदारी खटल्यात लागतो तसा निःसंशय पुरावा येथे लागत नव्हता. तराजूचे पारडे एका बाजूला किंचित झुकले तरी पुरे होते. झुकायला आधारही होता, आणि तो झाकून ठेवणे या पुस्तकाला मान्य नाही. एका कर्मचाऱ्याने चेंडूंची पिशवी पंचांच्या परवानगीविना नेली आणि वाटेत स्वच्छतागृहात तो सुमारे एक मिनिट चाळीस सेकंद थांबला. त्याने आधीच्या एका संदेशात स्वतःला ‘हवा काढणारा’ असे म्हटले होते. ब्रेडीने चौकशीच्या काळात आपला जुना फोन नष्ट करवला, हे जुलैमध्ये उघड झाले. ११ मे रोजी शिक्षा जाहीर झाली: ब्रेडीचे चार सामन्यांसाठी निलंबन, संघाला दहा लाख डॉलर दंड, आणि ‘ड्राफ्ट’ म्हणजे नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील दोन हक्कांची जप्ती.

चुकीचा आकडा इतक्या सहज पचला याचे कारण जुन्या इतिहासात आहे. सप्टेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांच्या प्रशिक्षकांच्या हातखुणा मैदानाच्या कडेवरून चित्रित केल्याबद्दल पॅट्रियट्सचे मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना पाच लाख आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला होता. ‘स्पायगेट’ नावाच्या त्या प्रकरणातील चित्रफिती लीगने स्वतःच नष्ट केल्या, त्यामुळे त्यांत नेमके काय होते याविषयी कोणीही काहीही म्हणायला मोकळा झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये, सुपर बोलच्या तोंडावर, ‘बोस्टन हेरल्ड’ने या संघाने २००२ च्या सुपर बोलआधी सेंट लुईस रॅम्सचा सरावही चित्रित केल्याचे छापले, मे महिन्यात ती बातमी खोटी असल्याचे मान्य करून त्या दैनिकाने माफी मागितली. पण बातमी वाचणारे सगळे माफी वाचत नाहीत. २०१५ चा आकडा अशा जमिनीवर पडला की जिथे एक खरा गुन्हा, एक नष्ट पुरावा आणि एक मागे घेतलेले वृत्त एकमेकांत मिसळून गेलेले होते.

चाहत्यांच्या प्रतिक्रियांचा अभ्यास हा या पुस्तकाचा दुसरा आणि अधिक विस्तृत भाग आहे. न्यू इंग्लंडच्या सहा राज्यांबाहेर पॅट्रियट्सचे ‘चीट्रिअट्स’ झाले आणि त्यांच्या विजयांपुढे तारांकित टीप जोडण्याची मागणी फलकांवर झळकू लागली. न्यू इंग्लंडमध्ये ‘फ्री ब्रेडी’ असे छापलेले सदरे दिसू लागले. सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या सामन्याला कमिशनर रॉजर गुडेल आले नाहीत तेव्हा ते कुठे आहेत असा घोष स्टेडियमने केला, आणि ते जिलेट स्टेडियमवर पुन्हा आले ते थेट सप्टेंबर २०१७ मध्ये, तेव्हा प्रेक्षकांच्या हातांत त्यांच्या चित्राला विदूषकाचे नाक लावलेले रुमाल होते. १२ ऑगस्ट २०१५ च्या सुनावणीत चित्रकार जेन रोझेनबर्ग यांनी रेखाटलेले ब्रेडीचे सुरकुतलेले, ओळखू न येणारे चित्र तर दोन्ही बाजूंच्या हशाचा विषय झाले. तेवढ्यापुरते सगळ्यांचे एकमत होते.

या प्रतिक्रियांना आंधळी भक्ती आणि आंधळा द्वेष असे म्हणून हातावेगळे करणे सोपे असले तरी अपुरे आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, २४३ पाने, तळटिपा आणि परिशिष्टांतील तक्ते यांसह अहवाल ज्यांनी खरोखर वाचला त्यांत पॅट्रियट्सच्या चाहत्यांचा भरणा मोठा होता. तटस्थ म्हणवणाऱ्याला वाचण्याची निकड नव्हती. त्याच्याजवळ दोन पौंडांचा आकडा होता आणि तो पुरेसा होता. पक्षपाती चाहत्याने मात्र गेजांतील फरक, ओल्या चेंडूचे वर्तन आणि कोल्ट्सचे चेंडू नंतर मोजल्यामुळे त्यांना खोलीत ऊब घेण्यास मिळालेला वेळ हे सारे शोधून काढले, आणि त्यातले बरेच पुढे अभ्यासकांच्याही टीकेत आले. निष्ठा माणसाला परिश्रमी करते. ती त्याला न्यायी करीलच असे नाही, कारण हाच चाहता स्वच्छतागृहातील शंभर सेकंदांपाशी आला की त्याचे वाचन एकाएकी घाईचे होत असे. पुराव्याची छाननी कोणी केली आणि कोणत्या पानापर्यंत केली, असे दोन प्रश्न म्हणूनच वेगवेगळे विचारावे लागतात.

मराठी वाचकाला ही मनोवस्था परकी वाटू नये. नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथ येथील कसोटीत दूरचित्रवाणीच्या दृश्यांच्या आधारे सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सचिन तेंडुलकरला चेंडूशी केलेल्या कृतीबद्दल दोषी धरले, तेव्हा भारतभर उसळलेल्या संतापात आरोपाचे नेमके शब्द काय आहेत हे तपासण्यास फारसा कोणाला अवकाश नव्हता. चेंडूवरील माती पंचांच्या देखरेखीविना काढणे आणि चेंडू कुरतडणे यांतील भेद नंतर स्पष्ट झाला. डेनेस यांना वगळून खेळवलेल्या सेंच्युरियनच्या पुढील सामन्याला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने अधिकृत कसोटी मानले नाही. आपल्या माणसावर आरोप झाला की आधी बाजू ठरते आणि कारणे मागाहून येतात, हे शिवाजी पार्कपासून फॉक्सबरोपर्यंत सारखेच आहे. फरक इतकाच की पोर्ट एलिझाबेथचे दृश्य सर्वांनी पाहिलेले होते, आणि फॉक्सबरोच्या प्रकरणात पाहण्याजोगे काहीच नव्हते, फक्त एक ऐकीव आकडा होता.

न्यायालयीन टप्प्याविषयी रूढ असलेला गैरसमजही येथेच दूर केलेला बरा. ३ सप्टेंबर २०१५ रोजी न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी ब्रेडीचे निलंबन रद्द केले, ते तो निर्दोष होता म्हणून नव्हे. आणि २५ एप्रिल २०१६ रोजी अपील न्यायालयाने २ विरुद्ध १ अशा मताने ते पुन्हा लागू केले, ते तो दोषी ठरला म्हणूनही नव्हे. दोन्ही ठिकाणी प्रश्न कमिशनरच्या करारदत्त अधिकाराच्या मर्यादेचा होता. चाहत्यांनी मात्र दोन्ही निकाल हवेविषयीचे निकाल म्हणूनच साजरे केले किंवा धिक्कारले. ब्रेडीने जुलै २०१६ मध्ये लढा थांबवला, चार सामने बाहेर काढले, आणि ५ फेब्रुवारी २०१७ रोजी ह्यूस्टन येथे ३–२८ अशा पिछाडीवरून अटलांटा फाल्कन्सला ३४–२८ असे हरवून सुपर बोल जिंकला. करंडक द्यायला आलेल्या गुडेल यांचे शब्द प्रेक्षकांच्या हुर्योत बुडाले.

पुढील प्रकरणांचा क्रम याच मांडणीनुसार आहे: आधी नियम आणि मोजमाप, मग बातमीचा प्रवास, त्यानंतर चाहत्यांची दोन जगे आणि शेवटी अधिकाराचा प्रश्न. हवा कोणी काढली का, या प्रश्नाचे होय किंवा नाही असे उत्तर या पुस्तकात शोधणाऱ्या वाचकाची निराशा होईल. बावीस नोंदी आणि दोन गेज यांच्या बळावर तसे उत्तर देता येत नाही, हेच येथील प्रतिपादन आहे. ते देता येण्याजोगी एक वाट मात्र पुढे उपलब्ध झाली होती. २०१५ च्या हंगामापासून लीगने निवडक सामन्यांत मध्यंतराला चेंडूंचा दाब मोजून नोंदवण्याची पद्धत सुरू केली, आणि कडाक्याच्या थंडीत कोणीही न छेडलेला चेंडू किती उतरतो हे त्या नोंदींवरून कोणालाही पडताळता आले असते. नियमभंग आढळला नाही एवढेच लीगने सांगितले. मोजलेले आकडे तिने प्रसिद्ध केले नाहीत.